आमची गल्ली सुधरली

माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, पुण्याला कॉलेजात समाजशास्त्र शिकते. मागच्या उन्हाळ्यात ती नांदेडला माझ्याकडे आठ दिवस राहिली, तेव्हा तिला एका इंग्रजी शब्दासाठी मराठी शब्द हवा होता. मी सगळी नोकरी मराठी टाइप करण्यात घालवली, म्हणून तिला वाटलं मला ठाऊक असेल. शब्द होता जेंट्रिफिकेशन. मला तो नीट उच्चारताही येईना. तिनं समजावून सांगितलं. गरिबांची जुनी वस्ती असते, तिथं हळूहळू बऱ्या पगाराची माणसं राहायला येतात, घरं नवी होतात, भाडी वाढतात आणि आधीचे लोक निघून जातात. त्यांना कुणी हात धरून बाहेर काढलेलं नसतं, तरी काही वर्षांनी बघावं तर त्यातलं एकही घर उरलेलं नसतं. हा शब्द फार जुना नाही, असं ती म्हणाली. लंडनमधल्या कामकरी लोकांच्या वस्त्यांविषयी लिहिताना एका बाईंनी तो केला. जेंट्री म्हणजे तिकडचे खानदानी, जमीनजुमलेवाले लोक. पुस्तकांत याला अभिजनीकरण किंवा असंच काही म्हणतात, पण ते वाचून तिलाच हसू येत होतं.

मी म्हणाले, "आमच्याकडं याला सुधरणं म्हणायचे."

तिला वाटलं, मला प्रश्न नीट कळला नाही. ती म्हणाली, "आत्या, सुधरणं चांगलं असतं."

तिचं बरोबर होतं. तो शब्द चांगलाच होता. आमच्या घरात तर तो जपून वापरला जायचा.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. आमच्या आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला आणि त्याबरोबर मेलेली ढोरं ओढणं सोडलं, दारू सोडली, घरं सारवून स्वच्छ ठेवायला सुरुवात केली. ज्या घरानं हे सगळं केलं ते सुधरलेलं घर. मुलीला शाळेत घालणं हे त्यातलं सगळ्यात मोठं. मी पाटी घेऊन बसले की बाबा आईला म्हणायचे, ही सुधरंल. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला की मला पाठ ताठ करून बसावंसं वाटायचं.

बाहत्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या. आमच्या बाजूची विहीर तर सगळ्यात आधी कोरडी पडली आणि दुसऱ्या विहिरीवर आम्हाला कुणी चढू देईना. लातूरच्या बाहेर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. आईबाबा मला घेऊन तिकडे आले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आई पोटुशी होती, तरी खडी फोडायची. कामावर खायला सुकडी मिळायची, ती मी फ्रॉकच्या ओटीत घेऊन येत असे.

शहराच्या कडेला एका किराणा व्यापाऱ्याची पडीक जमीन होती. तो लिंगायत होता, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कमी बोलणारा माणूस. त्याला सगळे आप्पा म्हणायचे. त्या जमिनीवर एक आड होता आणि त्या साली शहरातल्या कितीतरी विहिरी आटल्या तरी त्या आडाला पाणी टिकलं. आप्पांनी दहाबारा कुटुंबांना तिथं खोपी घालू दिल्या. पाऊस पडला की आपापल्या गावी जावा, एवढंच ते म्हणाले. पाऊस पडला, पण गावाला कुणीच गेलं नाही. गावात परत जाण्यासारखं काही नव्हतं. बाबा गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करू लागले. आप्पा महिन्याला थोडं भुईभाडं घेऊ लागले. वस्तीला लोक आडाचा माळ म्हणू लागले.

आमच्या शेजारी देवणीहून आलेली एक बाई होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ती एक गाय घेऊन आली होती, पांढरी, अंगावर काळे ठिपके असलेली, देवणीकडे असतात तशी. दुष्काळात तिनं ती गाय कशी जगवली ते तिलाच ठाऊक. गंजातला सांडलेला पालापाचोळा झाडून आणायची, कुणाच्या छपराचं जुनं गवत मागून आणायची. मी तिला मावशी म्हणायचे.

माझा भाऊ त्याच माळावर जन्मला. आईला दूध नव्हतं. मावशीची गाय दिवसाला जेमतेम दोन वाट्या द्यायची, त्यातली एक वाटी ती आमच्याकडे आणायची. ती आमच्याहून वरच्या जातीची होती. पहिले काही दिवस ती दाराबाहेर उभी राहून वरून आमच्या भांड्यात दूध ओतायची, वाटीला वाटी लागू द्यायची नाही. मला ते दिसायचं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. गावात सगळे तसंच करायचे. मग एकदा दुपारी आई कामावर असताना भाऊ रडून रडून निळा पडला. मी नुसती उभी होते. मावशी सरळ आत आली, त्याला मांडीवर घेतलं आणि कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडात पिळत बसली. त्यानंतर ती कधी दाराबाहेर थांबली नाही. आमच्याकडे जेवायलाही बसायची. याविषयी ती आणि आई कधी एक शब्द बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

दहा वर्षं गेली. मावशीकडे तीन गाई झाल्या. ती आप्पांच्या घरीसुद्धा दूध घालायची. मी मॅट्रिक झाले आणि टायपिंगची परीक्षा दिली.

आणि लातूर जिल्हा झाला. तोवर प्रत्येक कागदासाठी लोकांना उस्मानाबादला जावं लागायचं, आता सगळं इथंच येणार होतं. गुलाल उधळला, पेढे वाटले. बाबाही गुलाल लावून घरी आले. नव्या कचेऱ्यांत माणसं हवी होती. त्यांतल्या एका कचेरीत मी मराठी टंकलेखिका म्हणून लागले. आमच्या माळावरची ती पहिली सरकारी नोकरी. मावशीनं माझ्या तोंडात साखर घातली आणि म्हणाली, "आता तू सायबाच्या खुर्चीशेजारी बसणार." जिल्हा झाला नसता तर मी आईसारखी खडी फोडली असती किंवा कुणाची भांडी घासली असती. हे मी कधी विसरले नाही, म्हणूनच पुढचं सांगायला मला जड जातं.

जिल्ह्याबरोबर बदलीवर माणसं आली. साहेब, अधीक्षक, शिक्षक, बँकेतले लोक. त्यांना राहायला घरं मिळेनात. आप्पा तोवर अंथरुणाला खिळले होते आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला होता. त्यानं रस्त्याच्या बाजूला पक्क्या खोल्यांची ओळ बांधायला काढली. तिथल्या तीन खोपी आधी गेल्या. तो उद्धट नव्हता. त्यानं त्या लोकांना पत्रे दिले, सामान न्यायला ट्रक दिला. बाबांना तो म्हणाला की मी तुमची गल्ली सुधरवायला लागलोय. बाबांना ते ऐकून बरं वाटलं होतं. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, गल्ली सुधरणार.

खोल्या बांधून झाल्या. नळ आले, खांबावर दिवे आले. आडावर सिमेंटची फरशी टाकली, कारण त्यात डास होतात असं नवे लोक म्हणाले. वस्तीला एका देवाच्या नावाचं नगर म्हणू लागले आणि कोपऱ्यावर तशी पाटी लागली. आडाचा माळ म्हटलं की नव्या लोकांना कळेनासं झालं. ज्यांच्या खोपी राहिल्या होत्या त्यांचं भुईभाडं वाढलं. दर दोन महिन्यांनी एखादं घर उठायचं.

पहिल्या खोलीत आमच्याच कचेरीतल्या एका अधीक्षकांचं बिऱ्हाड आलं. त्यांच्या बायकोला मी मॅडम म्हणायचे. त्या माझ्याशी फार चांगल्या वागायच्या. मला विणकाम शिकवलं, वाचायला मासिकं दिली. मी त्यांच्या ओट्यावर बसायचे आणि चहा प्यायचे. माझा कप वेगळा होता का, हे मी तेव्हा पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं म्हणून पाहिलं नसेल. त्या मला म्हणायच्या की तुम्ही या लोकांसारख्या वाटतच नाही. मला त्याचा आनंद व्हायचा. हे लिहायला लाज वाटते, पण व्हायचा.

मावशीचा गोठा मॅडमच्या खिडकीच्या मागे येत होता. शेण, मूत, माश्या. त्यांची मुलगी लहान होती, तिला सारखा खोकला व्हायचा. आजूबाजूच्या बिऱ्हाडांनी मिळून पालिकेकडे अर्ज करायचं ठरवलं. मॅडमनी मला विचारलं की तुम्ही जरा टाइप करून द्याल का, आमच्या हातचं अक्षर बरं दिसत नाही. कोणाविरुद्ध आहे हे त्यांनी लपवलं नव्हतं. मी हो म्हणाले.

दुपारच्या सुट्टीत कचेरीतच बसून मी तो टाइप केला. मॅडमनी वहीच्या पानावर मजकूर दिला होता तो साधा होता, वास येतो, माश्या होतात, गाई हलवाव्यात. मला कचेरीची भाषा येत होती आणि ती येते हे दाखवायची हौसही होती. मी वाक्य बदललं. "सदर वस्तीच्या सुधारणेस सदर गोठा बाधक ठरत आहे." मी ते दोनदा वाचलं आणि मला ते आवडलं. माझ्याशिवाय त्या ओळीला दुसऱ्या कुणाचाही हात लागला नव्हता.

महिन्याभरानं पालिकेचा माणूस येऊन मावशीला नोटीस देऊन गेला. संध्याकाळी ती कागद पदरात गुंडाळून आमच्याकडे आली. आई भाकरी थापत होती. मावशीनं तो माझ्यापुढे धरला. त्यात अर्जातलं माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं होतं. मी वाचून दाखवलं, सगळं, पंधरा दिवसांत गोठा हलवावा इथपर्यंत.

तिनं विचारलं, "बाधक म्हंजी?"

मी म्हणाले, अडचण करणारं.

"म्या का गाई?"

मी म्हणाले, गोठा. आईनं तव्यावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पण तिला काही ठाऊक नव्हतं. मावशीनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "बरं. तुमी वाचून दावलं, लई झालं." तोवर ती मला कधी तुमी म्हणाली नव्हती. मला वाटलं, नोकरीमुळे मान देते आहे.

दोन गाई तिनं एका गवळ्याला विकल्या. तिसरी त्या दुष्काळातल्या गाईची लेक होती, ती विकायला तिचं मन होईना. ती तिला घेऊन दोन दिवस चालत देवणीला भावाकडे गेली आणि एस.टी.नं एकटीच परत आली. दूध गेल्यावर वाढलेलं भाडं देणं तिला जमेना. थोड्याच दिवसांत तिनं खोप मोडली आणि रुळाच्या पलीकडे, जिथं आधीची घरं गेली होती, तिकडे निघाली. पत्रे गाडीवर चढवताना वाटेवरच्या कुणीतरी विचारलं, मावशी, कामून जाऊलालीस? ती म्हणाली, "गल्ली सुधरली नव्हं."

तो शब्द तिथून सगळ्यांच्या तोंडी बसला. रुळाच्या पलीकडे नवं माणूस राहायला आलं की आधी विचारायचे, तुमची कोणती गल्ली सुधरली. विचारणारा हसायचा नाही आणि सांगणाराही नाही. लातुरात तेव्हा अशा पुष्कळ गल्ल्या सुधरत होत्या.

आम्हाला वाटत होतं, आपण राहू. माझा पगार होता. आप्पा वारले, त्यांच्या मुलानं आमची खोपही मागितली, तेव्हा मी त्याला म्हणाले की कोपऱ्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्या आम्हाला भाड्यानं द्या, इतरांइतकं भाडं देऊ. तो बघतो म्हणाला. मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की मी बोलते त्यांच्याशी, काळजी करू नका. मी घरी येऊन आईशी पडद्याच्या कापडाविषयीसुद्धा बोलले.

आठवड्यानं तो आला. मी घरात होते, पण तो बाबांशी बोलला, बाहेर उभा राहून, हळू आवाजात. त्याची स्वतःची काही हरकत नव्हती. पण बाकीच्या बिऱ्हाडांत देवधर्म असतो, सणवार असतात, एकच नळ असतो, तर तुम्ही समजून घ्यावं. बाबा हो हो म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या ओट्यावर गेले. त्यांनी विणकामाच्या सुया बाजूला ठेवल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या लोकांत राहिलात तर तुम्हालाच मोकळं वाटेल." त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. खरंच माझ्या भल्याचं बोलल्यासारखं त्या बोलल्या. नंतरही कचेरीच्या समारंभांत भेटल्या की माझी चौकशी करायच्या.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. झोपण्याआधी मला म्हणाले, "तू सुधरलीस, गल्ली बी सुधरली. दोघींचं जमलं न्हाई." त्यांनी तो शब्द माझ्यासाठी वापरला तो शेवटचा.

आम्हीही रुळाच्या पलीकडे गेलो. पत्रे ठोकायला मदतीला पहिली आली ती मावशी. ती तेव्हा त्याच नगरात तीन घरची भांडी घासत होती, आपल्या जुन्या गोठ्याच्या जागेवर बांधलेल्या घरातली धरून. आईनं विचारलं, तितं कसं जातीस. ती म्हणाली, वाट पायाखालची हाय.

नव्या जागेवर आड नव्हता. त्यात पुढची दोनतीन वर्षं पुन्हा पावसानं ओढ दिली. टँकर यायचा, कधी यायचाही नाही. बायका सकाळपासून घागरी ओळीत लावून बसायच्या. रविवारी मी आईऐवजी बसायचे. अशाच एका रविवारी मावशीची घागर माझ्या शेजारी होती. ऊन चढलं होतं आणि टँकरचा पत्ता नव्हता. मनात बरेच महिने होतं ते मी बोलून टाकलं.

"मावशी, तो गोठ्याचा अर्ज मी टाइप केला होता."

ती म्हणाली, "ठावं हाय."

मला वाटलं मॅडमनी सांगितलं असेल. तसं मी विचारलं.

"तुमीच सांगितलं," ती म्हणाली. "सरकारी कागद वाचताना तुमी थांबत थांबत वाचता. त्यो कागद पाठ असल्यागत वाचला."

मी काहीतरी बोलायला गेले. नोकरीचं, मॅडमचं, त्या लहान मुलीच्या खोकल्याचं. तिनं ऐकून घेतलं.  मग टँकर आला, सगळ्या उठल्या आणि ती म्हणाली, घागर धरा. मी धरली. पुढे या गोष्टीविषयी ती माझ्याशी कधी बोलली नाही. घरी येत राहिली, माझ्या भावाला डोक्यावर हात फिरवून तू म्हणत राहिली, आईला तू म्हणत राहिली. मला तुमी. आईला ते बरेच दिवस उमगलं नाही. उमगलं तेव्हा तिनं मला विचारलं, मी सांगितलं. त्यानंतर दोन दिवस भाकरी वाढताना ती माझ्या ताटाकडे बघायची, माझ्याकडे नाही.

मी नांदेडला बदली मागून घेतली. तिथं सरकारी क्वार्टर मिळत होतं. निघायच्या दिवशी मावशीला भेटायला गेले. तिचे गुडघे धरले होते, ती भिंतीला टेकून बसली होती. नांदेडात घर कुणाचं, तिनं विचारलं. मी म्हणाले, सरकारचं. मग तिथं आडनाव इचारत न्हाईत का, तिनं विचारलं. मी म्हणाले, विचारतात, पण यादीप्रमाणं द्यावंच लागतं. तिनं मान हलवली. मी पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुखानं ऱ्हावा." मी थोडा वेळ तशीच वाकून राहिले. मला वाटत होतं, ती आणखी काही बोलेल.

आईबाबा माझ्याकडे राहायला आले. भाऊ शिकायला लातुरातच राहिला. तीनेक वर्षांनी एका सकाळी तो आला आणि मावशी गेल्याचं सांगितलं. देवणीहून तिचा भाऊ वेळेवर पोचला नव्हता. वस्तीतल्या लोकांनीच सगळं केलं आणि माझ्या भावानं खांदा दिला होता. आई भिंतीकडे तोंड करून बसली. बाबांनी चप्पल घातली, बाहेर गेले, लगेच परत आले.

मी कचेरीत गेले. रजेचा अर्ज करायला कागद मशीनमध्ये घातला. माझ्या जवळच्या व्यक्तीचं निधन झाल्यामुळे, इथपर्यंत टाइप केलं. साहेबांनी कागद पाहून विचारलं असतं, कोण लागत होत्या तुमच्या.  मग कागद काढून घेतला, त्याच्या कोऱ्या बाजूला कचेरीचं दुसरं पत्र टाइप केलं, आणि दिवसभर काम केलं.